पाच चौरस किलोमीटरचं बेट की एकशे चाळीस कोटींचा देश, राहायला कुठं बरं?

नदीकाठचा
परवा कट्ट्यावर सुरू झालेला वाद इथं आणतोय, कारण तिथं पाऊस आला आणि सगळे पळाले.

माझं म्हणणं: माणूस छोट्या समाजात जास्त बरा जगतो. प्रशांत महासागरातलं टिकोपिया घ्या. सॉलोमन आयलंड्स या देशाच्या पार पूर्व टोकाला, साधारण ५ चौरस किलोमीटर. आपल्या कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत अशी तेरा बेटं बसतील. वस्ती हजार-बाराशे. चार कुळांचे चार प्रमुख, त्यांना 'आरिकी' म्हणतात. तेही स्वतःच्या वाडीत राबतात.

२८ डिसेंबर २००२ ला तिथं झोई चक्रीवादळ धडकलं, सर्वोच्च श्रेणीचं. घरं गेली, झाडं सोलून निघाली, समुद्र वस्तीत शिरला. मेलं कोणीच नाही. म्हातारी-पोरं घेऊन लोक उंचावर, खडकांच्या कपारीत जाऊन बसले. एवढ्याशा बेटावर कुठली कपार कुठं हे कोणाला सांगावं लागत नाही.

आता माझं. ऑगस्ट २०१९ चा महापूर, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर. धोका पातळी ४३. घर छपरापर्यंत पाण्यात. पंचनामा झाला, फोटो झाले आणि मदतीच्या यादीत नाव आलं आजोबांचं. ते जाऊन बारा वर्षं झालेली. उतारा त्यांच्याच नावावर, वारस नोंद राहिलेली. चूक आमची, मान्य. पण टेबलापलीकडचा माणूस आमचं घर होडीतून बघून गेलेला, आणि मलाच विचारतो, "तुम्ही यांचे कोण?" पाच हेलपाटे झाले. टिकोपियात हा प्रश्न कोण कोणाला विचारेल?

अजून एक. १६०० च्या सुमारास त्या लोकांनी बेटावरची सगळी डुकरं मारून टाकली. तिकडं डुक्कर म्हणजे मानपानाचं जनावर, प्रमुखांचा रुबाब त्यावर. पण ती वाड्या उकरायची, माणसाच्या तोंडचं खायची. ठरवलं आणि संपवलं. आता शिरोळकडं बघा. उसाला पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झाली, वर पांढरा थर आलाय. हे दिसत नाही असा माणूस तालुक्यात नाही. ऊस कमी झाला? एकट्यानं सोडला तर तोच बुडतो आणि सगळ्यांनी मिळून ठरवायची जागाच नाही. कारखाना वेगळा, सोसायटी वेगळी, दर ठरतो दिल्लीत.

बोला.

तालमीतला
भावा, डुकरं मारली ते ऱ्हाऊ दे. उद्या म्हणशील बोकडं बंद. मग रविवारी पांढरा रस्सा कशाचा करायचा, फणसाचा?

पन्हाळ्याची पोर
नदीकाठचा, तुम्ही बेटाचा सातबारा दाखवलात, फेरफार लपवलात.

वस्ती शेकडो वर्षं हजार-बाराशेच कशी राहिली? आपोआप नाही. १९२८-२९ मध्ये रेमंड फर्थ हा मानववंशशास्त्रज्ञ तिथं वर्षभर राहिला, त्यानं सगळं लिहून ठेवलंय. धाकट्या भावांनी लग्न करायचं नाही, कारण जमीन तेवढीच. गर्भ पाडायचे. नको असलेलं मूल जन्मल्या जन्मल्या पालथं घालायचं. आणि तरणी पोरं होडी घेऊन समुद्रात निघून जायची, बहुतेक परत न येण्यासाठी. ते 'सगळ्यांनी मिळून ठरवणं' हे असंही असतं. पालथं घातलेल्या मुलाच्या आईचं मत कोणी विचारलं असेल असं वाटतं का?

माझं माहेर दीडशे उंबऱ्यांचं. बारावीला एसटीतून उतरले की पारावरून रोज प्रश्न यायचा, "कुणाची गं तू?" माहीत असायचं त्यांना. तरी विचारायचे. केस कापले तर संध्याकाळपर्यंत आत्याला कळायचं, आत्या तीन गावं सोडून. शाहूपुरीत खोली घेतली तेव्हा पहिले सहा महिने शेजारणीनं नावसुद्धा विचारलं नाही. तुम्हाला तो तुटकपणा वाटेल. मी त्या सहा महिन्यांत वजन वाढवलं.

तुम्हाला "तुम्ही यांचे कोण" विचारलं म्हणून राग आला. मला ते कोणी विचारू नये म्हणून मी शहरात आले.

नदीकाठचा
पालथं घालण्याचं मला माहीत होतं. लिहायला पाहिजे होतं. पण पूर आल्यावर शाहूपुरीतल्या शेजारणीनं तुमचं नाव विचारलं का?

पन्हाळ्याची पोर
आमच्या गल्लीत पाणी आलं नव्हतं. (हे उत्तर नाही, माहीत आहे.)

निवृत्त मास्तर
दोघेही आकार मोजताय. झोईची पुढची गोष्ट सांगतो. वादळानंतर टिकोपियाला मदतीची बोट पोचायला आठवडा लागला. सरकार इतकं कफल्लक की बोट सोडायला पैसे नव्हते, आधीची काही वर्षं त्या देशात यादवी चाललेली. आणि हा 'विशाल' देश केवढा? तेव्हा त्याची लोकसंख्या आपल्या कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. म्हणजे बेटाला वाऱ्यावर सोडलं ते मोठ्या राज्यानं नव्हे, दुबळ्या राज्यानं. आपल्याकडं २०१९ ला एनडीआरएफ आलं, लष्कर आलं, नौदल आलं. उशिरा आलं म्हणून भांडा, जरूर भांडा. पण पाच चौरस किलोमीटरकडं नौदल नसतं.

१९५२ मध्येही तिथं वादळ झालं, मग दुष्काळ. फर्थ तेव्हा पुन्हा तिथंच होता. चोऱ्या वाढल्या, लोक रानाला राखण बसवू लागले. सगळे एकमेकांना ओळखत होते, तरी. शेवटी ब्रिटिश प्रशासनाचा तांदूळ लागला, आणि नंतर कितीतरी कुटुंबं दुसऱ्या बेटांवर मजुरीला आणि वस्तीला गेली.

छोटं राज्य बघायचं तर लांब कशाला? १ मार्च १९४९ पर्यंत आपण संस्थानच होतो. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. दिल्ली-मुंबईला तेव्हा हे सुचलं नव्हतं.

नदीकाठचा
मास्तर, मग तुम्ही माझ्याच बाजूचे झालात की.

निवृत्त मास्तर
नाही रे. १९१८ ला महाराजांनी महारकी वतन, म्हणजे गावाची पिढीजात सक्तीची चाकरी, मोडलं ते कोणाच्या विरोधात? गावाच्याच. गाव छोटं होतं, सगळे सगळ्यांना ओळखत होते, आणि त्या ओळखीतच माणसाला राबवून घेत होते. ते मोडायला गावाच्या वरचा कोणीतरी लागला. महाराज नसते तर छोटं संस्थान पन्नास वर्षं तसंच राहिलं असतं, शेजारची राहिलीच ना.

मिरजकर तिकटी
पण वरचा फारच वर असला की? हायकोर्टाचं सर्किट बेंच मागत मागत आपले वकील म्हातारे झाले. ऑगस्ट २०२५ ला ते आलं. तोवर बांधाच्या वादासाठी आजऱ्याच्या माणसानं मुंबईला जायचं, रात्रीची गाडी, दिवसभर बाहेर बाकावर, आणि तारीख पुढची. माझ्या वडिलांनी अशी अकरा वर्षं काढली. बांध दीड फुटाचा होता. मोठ्या राज्यात न्याय नसतो असं नाही, त्याचं भाडं परवडत नाही.

आणि पुराचं म्हणाल तर अलमट्टी धरणाचा दरवाजा कर्नाटकात, आमचं पाणी तिथं अडतं. कोणाला सांगायचं?

निवृत्त मास्तर
भाड्याचं मान्य. अलमट्टीचं नाही. २०१९ नंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं महापुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नव्हता. पूररेषेत मंगल कार्यालयं आणि अपार्टमेंट कर्नाटकानं बांधली नाहीत.

मिरजकर तिकटी
समितीत घर बुडालेला कोणी नव्हता.

पन्हाळ्याची पोर
टिकोपियाच्या चार आरिकींमध्ये धाकटा भाऊही नसायचा. सगळ्या समित्या तशाच.

तालमीतला
लई झालं. नदीकाठचा, वारस नोंद झाली का न्हाई? आमच्यात एकजण ही कामं करतो, पैसे घेत न्हाई, चहा घेतो. आणि या वर्षी बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलं की वाट बघू नको, जनावरं सोड आणि तालमीत ये. जागा हाय.

नदीकाठचा
नोंद झाली, २०२१ च्या पुराआधी पंधरा दिवस. त्या वेळी पैसे वेळेत मिळाले, हेही लिहायला पाहिजे. येतो. चार म्हशी आहेत, सोडून येणार नाही.

पन्हाळ्याची पोर
तालमीत बायकांना कधीपासून घेता?

तालमीतला
२०१९ ला घेतलं हुतं की ताई. चाळीसेक बाया, पोरं धरून. सहा दिवस. आम्ही भाईर ट्रकात झोपलो.