कासला जाण्याआधी: एक्स्टेन्शन ट्यूब लावून फुलांचे क्लोज-अप नीट का येत नाहीत?

पायवाट (प्रश्न)

कॅमेरा कॅनन १५००डी. लेन्स दोन: १८-५५ किट (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) आणि ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. सोबत १३, २१ आणि ३१ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या), कॉन्टॅक्ट असलेल्या, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) कॅमेऱ्यातूनच बदलतं. गच्चीतल्या झेंडूवर सराव चालू आहे. अडचणी अशा:

एफ/२.८ ला एखादीच पाकळी फोकसमध्ये येते. एफ/२२ केलं तर सगळंच मऊ दिसतं.
पिवळं फूल म्हणजे नुसता सपाट डाग, पाकळीवरच्या रेषा गायब.
कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला की फुलाचा खालचा भाग सावलीत आणि मागे काळंकुट्ट.
किट लेन्सला ट्यूब लावली की १८ मिमीला फोकसच होत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कास पठारावर जायचं आहे. सोनकी, सीतेची आसवं आणि दवबिंदू (चिकट थेंबांची वनस्पती, खरं दव नव्हे) टिपायचे आहेत. १०० मिमीची मॅक्रो लेन्स घ्यावीच लागेल का?

भिंग

उत्तर: लेन्स आत्ता घेऊ नका. आहे त्या सामानात हे सगळं होतं.

आधी किट लेन्सचं. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे ट्यूबमुळे मिळणारं वाढीव मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा फुलाच्या किती पट, तो आकडा). १८ मिमीवर २१ ची ट्यूब लावली की ते १ च्या पुढे जातं आणि फोकसची जागा लेन्सच्या काचेला चिकटते किंवा आतच जाते. तिथे फूल ठेवणार कसं? किट लेन्स वापरायचीच तर ५५ ला ठेवून वापरा. खरं काम ५० मिमीवर होईल. तिचं स्वतःचं कमाल मॅग्निफिकेशन ०.२१. त्यात २१ ची ट्यूब म्हणजे आणखी ०.४२, एकूण साधारण ०.६. एवढ्यात तुमच्या सेन्सरवर सुमारे ३७ × २५ मिमीची चौकट बसते. सोनकीला हे पुरेसं आहे. सीतेच्या आसवांचं फूल जेमतेम सेंटिमीटरभर, त्याला २१ + ३१ लावा, १:१ च्या (म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराएवढं) थोडं पुढे जाल. पण तेव्हा लेन्सचं तोंड फुलापासून दहा सेंटिमीटरच्या आत येतं, सावली सांभाळा.

आता फोकस. ०.६ ला एफ/२.८ वर डेप्थ (फोकसमध्ये येणारी जाडी) जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. एफ/११ ला ती दोन मिलिमीटरच्या आसपास जाते. १:१ ला मात्र एफ/११ वरही एक मिलिमीटर मिळत नाही. मग एफ/२२ का नको? कारण ट्यूब लावल्यावर प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यात दिसतं त्याहून लहान असतं. दिसणाऱ्या आकड्याला (१ + मॅग्निफिकेशन) ने गुणा: ०.६ ला एफ/२२ म्हणजे एफ/३५. एवढ्या बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि सगळं चित्र मऊ पडतं. एफ/८ ते एफ/११ यातच राहा.

दोन मिलिमीटर कुठे खर्च करायचे, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. फुलाकडे तिरकं बघत असाल तर एक पाकळी मिळणार आणि बाकीची जाणार. सोनकी समोरून घ्यायची तर सेन्सर फुलाच्या चकतीला समांतर हवा. कॅमेऱ्याच्या पाठीकडे बाजूने बघून ताडून घ्या. कडेने घ्यायची तर पुढच्या पाकळीची कड आणि मधले पुंकेसर यांतलं एकच निवडा. निवडायचंच तर पुंकेसर.

ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून रिंगने जवळपास आणा, मग रिंगला हात न लावता अंगच तसूभर पुढे-मागे करत तीन-चार फ्रेम सलग घ्या. एक लागते.

उन्हाची_तिरीप

+१, भिंगशी सहमत. पिवळ्याबद्दल सांगतो, कारण सोनकीचे बहुतेक फोटो इथेच वाया जातात.

पिवळ्या फुलात लाल चॅनल सगळ्यात आधी फुटतो (जास्त उजेडाने त्यातला तपशील जातो) आणि पाकळीचा पोत त्याच्याबरोबर जातो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक म्हणतो, म्हणून लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने मोजलेल्यापेक्षा उजेड कमी-जास्त करणं) -२/३, पिक्चर स्टाइल स्टँडर्डऐवजी न्यूट्रल, फाइल रॉ. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका. पूर्ण चौकट पिवळी किंवा जांभळी असली की कॅमेरा रंग उलट्या बाजूला ओढतो, आणि सीतेच्या आसवांचा जांभळा फिका होऊन बसतो. गेंद नावाच्या पठारावरच्या फुलाच्या पांढऱ्या गोळ्याचं उलटं: फ्रेमभर गेंद असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, तेव्हा +२/३ द्या.

फ्लॅश: लेन्स आणि ट्यूब मिळून नळी लांब होते आणि वरून येणारा उजेड तीच अडवते. खालची सावली त्यातूनच येते. मागचा अंधार वेगळ्या कारणाने. फ्लॅश जवळच्या फुलाला भरपूर पडतो, हातभर मागच्या गवताला काहीच नाही. लॅपटॉपच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम घ्या, लेन्सच्या घेराएवढं भोक पाडून नळीच्या पुढच्या टोकाला अडकवा, वरचा भाग वीतभर उंच ठेवा. फ्लॅश या पडद्यावर पडून फुलावर झिरपतो, दवबिंदूच्या थेंबांतही कडक ठिपका येत नाही. मॅन्युअल मोड, १/१६० सेकंद, एफ/११, आयएसओ ४०० पासून सुरुवात. मागे अजून काळं असेल तर आयएसओ ८०० करा आणि फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा. १/२०० च्या वर जाऊ नका, तिथे सिंक, म्हणजे फ्लॅश आणि शटरचा मेळ, संपतो.

सड्यावरची_वाट

वरचं सगळं गच्चीवर उत्तम चालेल. पठारावर तीन गोष्टी वेगळ्या होतात.

पहिली, वारा. १:१ ला फूल एक मिलिमीटर हललं की तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या चित्रात ते सुमारे २७० पिक्सेल सरकतं. सीतेच्या आसवांचा देठ दोऱ्यासारखा, तो थांबतच नाही. झुळूक ओसरते आणि पुन्हा येते, या दोन्हींच्या मध्ये क्षणभर देठ मधोमध स्थिर होतो, बटण तेव्हा दाबा. वाऱ्याच्या बाजूला काळी छत्री आडवी धरायला कोणी सोबत असेल तर फार फरक पडतो. रंगीत छत्री नको, लालची शेंदरी झाक फुलावर उतरते. फूल चिमट्याने धरून ठेवणं, तारेला बांधणं, कोवळं फूल जवळ ओढणं, हे तिथे अजिबात नको.

दुसरी, जमीन. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ, आणि सीतेची आसवं व दवबिंदू नेमके त्या ओल्या पातळ मातीतच उगवतात. ट्रायपॉडचे तीन पाय आणि तुमचे दोन गुडघे म्हणजे पाच ठिकाणी रोपं चिरडली. आखलेल्या वाटेवरूनच, कडेच्या उघड्या जांभ्यावर तांदळाची पिशवी टेकवून घ्या. किलोभर तांदूळ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग कापडी पिशवीत, नाहीतर भिजून फुगतो. वाटेपासून लांबचं फूल सोडून द्या. तशी फुलं वाटेच्या कडेलाही असतात.

तिसरी, उजेड आणि ओल. दवबिंदूवर पाणी फवारू नका. त्याचे थेंब चिकट स्रावाचे असतात, पाण्याने ते धुऊन जातात आणि फोटोही खोटा होतो. सकाळचं तिरपं ऊन थेंबांच्या मागून येईल असे बसा, लेन्सवर हाताची सावली धरा, थेंब आपोआप पेटतात. गाडीतल्या गारव्यातून थेट बाहेर आलात तर काच धुकटते, म्हणून एसी आधीच बंद करा. ट्यूब गाडीतच चढवा, पावसाच्या भुरभुरीत लेन्स उघडू नका.

पायवाट

खूप आभार. फोम लावून पाहिला: एफ/११, १/१६०, आयएसओ ८००, कॉम्पेन्सेशन नाही. झेंडूच्या रेषा दिसल्या! पण लाल हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटतोच, आणि मागे एक पांढरट दांडी येते.

उन्हाची_तिरीप

मॅन्युअल मोडमध्ये फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन वेगळं असतं. मेन्यूत फ्लॅश एक्स्पोजर -१ करा, लाल भिंतीपासून सुटेल.

भिंग

दांडीसाठी गवत तोडू नका, कॅमेरा चार-पाच सेंटिमीटर खाली किंवा बाजूला सरकवा. फूल पुन्हा चौकटीच्या मधोमध आणा, एवढ्या जवळून मागचं सगळं बदलतं. दूरचं हिरवं मागे येईल अशी जागा मिळेपर्यंत सरकत राहा, आणि त्यानंतरच फोकस करा. उलट क्रमाने केलं तर फोकस पुन्हा लावावा लागतो.