प्रतिसाद: जुनी अमेरिकी सोन्याची नाणी दुर्मिळ का?

मूळ लेखात म्हटलंय की जुनी अमेरिकी सोन्याची नाणी मुळातच कमी पाडली, म्हणून मिळत नाहीत. हे अर्धंच खरं आहे. १८२२ च्या पाच डॉलरच्या नाण्याचंच बघा. टांकसाळीच्या नोंदीत १७,७९६ नाणी आहेत, आज माहीत आहेत फक्त तीन! दोन अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात, तिसरं २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरला गेलं. बाकीची गेली मुशीत. अमेरिकेत कायदेशीर भाव एक भाग सोन्याला १५ भाग चांदी असा होता, युरोपात सोन्याला त्याहून जास्त चांदी मिळायची. मग नाणं बाहेर नेऊन वितळवण्यातच फायदा. १८३४ मध्ये पाच डॉलरच्या नाण्याचं वजन ८.७५ वरून ८.३६ ग्रॅमवर आणलं, तेव्हा कुठे हे थांबलं.

दुसरं, १७९५ च्या नाण्यावरच्या समांतर रेघा पाहून ते लगेच 'खराब' ठरवू नका. नाण्याची कोरी चकती जड भरली की छाप मारण्याआधी ती कानशीने घासत. त्या रेघा ठशाखाली दबून बोथट होतात. नंतरचा ओरखडा मात्र नाण्यावरच्या स्त्रीमुखाच्या केसांच्या बटांवरूनही आरपार जातो. नाणं उजेडात तिरकं धरून भिंगातून पाहा, फरक कळतो. मला तर त्या कारागिराच्या हाताच्या खुणा फार मोलाच्या वाटतात. आणि कृपा करून नाणं घासून चकचकीत करू नका!