मदत हवी आहे: उपग्रह चित्रात काळी माती आणि बदललेला बेसाल्ट (लाव्हाचा काळा खडक, ज्यातली मूळ खनिजं बदलून चिकणखनिजं झालीत) वेगळा कसा ओळखायचा?

सिन्नर परिसरात झिओलाइटच्या (बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी, पाणी धरून ठेवणारी खनिजं) शक्यतेचा नकाशा करतोय. झिओलाइटची पाणी शोषणारी मुख्य खूण १.४ आणि १.९ मायक्रॉनला असते आणि तिथे हवेतली वाफच प्रकाश गिळते. त्यामुळे थेट झिओलाइट दिसणार नाही, हे मान्य. म्हणून त्याच्या सोबतीने येणारी चिकणखनिजं शोधतोय.

सेंटिनेल-२ उपग्रहाची एप्रिलमधली ढगविरहित चित्रं घेतली, एनडीव्हीआय (हिरवळ मोजणारा निर्देशांक) लावून हिरवळ वगळली, क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये बँड ११ भागिले १२ (बँड म्हणजे प्रकाशाचा एकेक पट्टा; हे गुणोत्तर चिकणखनिजं उजळ दाखवतं) काढलं. अडचण अशी की नांगरून पडलेली काळी रानंच सगळ्यात उजळ दिसतात! काळ्या मातीतही मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिजच, मग गुणोत्तर बिचारं काय करणार. उतार १० अंशांपेक्षा जास्त असलेलाच भाग ठेवून पाहिला, तर खाणींचे सपाट तळच गळाले, आणि मला नेमके तेच हवेत.

लॅपटॉप ८ जीबीचा, फुकटचाच डेटा हवा. स्पेक्ट्रोमीटर (खनिजाने परतवलेला प्रकाश मोजणारं यंत्र) नाही, पण जागेवर जाऊन दगड फोडून बघू शकतो.

अ‍ॅस्टर या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचे एसडब्ल्यूआयआर (लघु-अवरक्त) बँड एप्रिल २००८ पर्यंतचेच आहेत. ती जुनी चित्रं वापरून माती आणि खडक वेगळे करता येतील का? कोणते बँड घेऊ?