औट घटकेचं राज्य चोवीस वर्षांचं असू शकतं का?

भाषांतरिका

चीनच्या इतिहासावरच्या एका लेखमालेचं मराठी करते आहे आणि सध्या सहाव्या शतकात अडकले आहे. इ.स. ५५७ ते ५८१ या काळात छांगआनमधून, म्हणजे आजच्या शिआनमधून, शियानबेई या उत्तरेकडच्या भटक्या लोकांमधल्या युवेन कुळानं राज्य केलं. राज्याचं नाव झोउ. चोवीस वर्षांत सगळं आटोपलं. मी लिहिलं, 'युवेनांचं हे राज्य औट घटकेचंच ठरलं.' मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं : 'औट म्हणजे साडेतीन. साडेतीन घटका म्हणजे जेमतेम दीड तास. चोवीस वर्षांना हे कसं चालेल? शिवाय त्यात हेटाळणी आहे. अल्पजीवी करावे.'

माझी आजी न टिकणाऱ्या कुठल्याही सत्तेला औट घटकेची म्हणायची, मग ती पाच वर्षांची का असेना. औट घटकेत काळाचं माप अजून जिवंत आहे का? आणि हेटाळणी खरंच आहे का?

जुनीपोथी

मापापुरतं बाईंचं बरोबर आहे. अर्धचतुर्थ, त्याचं प्राकृतात अद्धुट्ठ, त्याचं मराठीत औट. चौथा अर्धा म्हणजे साडेतीन. संतांच्या लेखनात 'औट हात देह' येतो तो हाच. आमच्या वडिलांच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी यांच्या जोडीला औटकीही घोकली होती. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे औट घटका चौऱ्याऐंशी मिनिटांची. तुमच्या राज्याचं वय चोवीस वर्षं आणि घटकेची मिनिटं चोवीस, हा योगायोग मात्र मजेचा आहे.

पण वाक्प्रचारात शिरलेला आकडा मोजायचा नसतो. 'चार दिवस सासूचे' म्हणताना कोणी कॅलेंडर काढत नाही.

बडोदेकरीण

आमच्याकडे गुजरातीत हाच शब्द 'ऊठां' म्हणून आहे. साडेतीनचा पाढा. 'ऊठां भणाववां' म्हणजे एखाद्याला बनवणं. बडोद्याच्या मराठी घरांत आम्ही दोन्ही ऐकत वाढलो, त्यामुळे 'औट'मध्ये मला नेहमी फसवणुकीची छटा ऐकू येते. औट घटकेचा राजा म्हणजे ज्याला राजा असल्याचं भासवलं गेलं तो.

माणदेशी

आमच्या गावात अविश्वास ठराव आला की सरपंच 'औट झाला' म्हणतात. हा क्रिकेटमधला आऊट. पण बोलताना दोन्ही औट एकच होतात. आजच्या तरुणाला औट घटकेचा म्हणजे 'लवकरच औट होणारा' असंच वाटतं आणि अर्थही तोच निघतो. व्युत्पत्ती चुकीची असेल, पण शब्द जगला तो त्याच्यामुळे. औटकी कुणाला येते आज?

जुनीपोथी

शब्द असा जगवायचा असेल तर मेलेला बरा. उद्या कुणी लिहील, 'औट हात देह' म्हणजे बाद झालेल्याचा देह.

माणदेशी

लिहू दे की. भाषा बोलणाऱ्यांची असते, कोशाची नसते.

गोदातीर

वाद सुरू राहू द्या, पण ज्या राज्याला हे विशेषण लावायचं आहे ते एकदा नीट बघू. मला त्या काळाची फार ओढ आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खरी उभारणी युवेन ताइची. वुछुआनच्या सरहद्द-छावणीतल्या शियानबेई कुटुंबातला माणूस. उत्तर वेइ साम्राज्य सहा छावण्यांच्या बंडात खिळखिळं झालं आणि ५३४-३५ मध्ये त्याचे दोन तुकडे पडले. पश्चिमेकडचा तुकडा ताइच्या हातात. सम्राट वेइ कुळाचाच, नावापुरता. ताइकडे माणसं कमी, मुलूख गरीब. त्यानं काय केलं, तर शियानबेई आणि हान, म्हणजे मूळच्या चिनी, लढवय्यांना एका चौकटीत बसवून चोवीस सेना उभ्या केल्या. ताइ ५५६ मध्ये वारला. पुतण्या युवेन हू यानं ५५७ च्या सुरुवातीला वेइ सम्राटाला उतरवून ताइच्या मुलाला गादीवर बसवलं. ती झोउ राजवट.

आता औट घटका कुणाची? पहिला राजा युवेन जुए, वर्षही झालं नाही तोच हूनं त्याला काढून मारलं. दुसरा युवेन यू, ५६० मध्ये विषानं गेला. या दोघांना औट घटकेचे राजे म्हणा, बडोदेकरणींची भासवण्याची छटा इथे अगदी बसते. तिसरा युवेन योंग, म्हणजे सम्राट वू, मात्र बारा वर्षं खाली मान घालून राहिला. ५७२ मध्ये त्यानं हूला सांगितलं की आईसाहेब फार मद्य घेतात, तुम्ही त्यांना मद्याविरुद्धचा तो प्राचीन उपदेश वाचून दाखवा. हू वाचत असताना सम्राटानं हातातली जेडची पट्टी मागून त्याच्या डोक्यात घातली, आणि आत लपलेल्या धाकट्या भावानं पुढे येऊन शेवट केला. पाच वर्षांत, ५७७ मध्ये, या सम्राटानं पूर्वेचं छी राज्य जिंकून सगळा उत्तर चीन एक केला. पुढच्याच वर्षी तुर्कांवरच्या मोहिमेत आजारी पडून गेला, वय पस्तीसच्या घरात.

यानंतर तीन वर्षांत सगळं गेलं. मुलगा युवेन युन विक्षिप्त, एकाच वेळी पाच सम्राज्ञी करणारा. त्यानं वर्षाच्या आत गादी आपल्या लहानग्या मुलाला दिली आणि ५८० मध्ये तो वारला. त्याचा सासरा यांग जियान कारभारी झाला. ताइचा भाचा युची जियोंग उठला, पण काही आठवड्यांत मोडला गेला. ५८१ मध्ये यांग स्वतः सम्राट झाला, सुइ राजवट सुरू झाली आणि त्यानं युवेन कुळातले पुरुष शोधून शोधून मारले.

म्हणून माझं मत बाईंच्या बाजूला झुकतं, पण कारण वेगळं. ताइनं बांधलेली फौज सुइनं वापरली, पुढे सुइनंतरच्या थांग राजवटीनं वापरली. ५८९ मध्ये चीन एक झाला तो या फौजेच्या जोरावर. अशा राज्याला औट घटकेचं म्हटलं की वाचक त्याला सोडून पुढे जातो.

भाषांतरिका

मला नेमकं हेच हवं होतं, की वाचकानं थबकावं. 'अल्पजीवी' वाचून कुणी थबकत नाही. तो शब्द मला जीवशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो.

शुद्धमती

अल्पजीवी स्वच्छ, तत्सम आणि नेमका आहे. इतिहासलेखनाला नेमकेपणा लागतो, आजीच्या बोलीतला मोह नाही. आणि तुम्ही सगळे 'राजवट, कारभारी, फौज' असं मिश्र लिहिता आहात. राजकुल, अमात्य, सेना हे शब्द असताना ही गरज काय?

माणदेशी

फौज गेली तर मराठ्यांच्या इतिहासात उरलं काय? आणि कारभारी परका कधी झाला?

गोदातीर

शुद्धमती, तुमच्या मुद्द्यावर या राज्याचाच दाखला देतो. उत्तर वेइच्या सम्राटानं ४९६ मध्ये शियानबेई आडनावं मोडून चिनी केली. स्वतःच्या तुओबा कुळाचं युआन केलं. दरबारात शियानबेई बोलण्यावरही त्यानं बंदी घातली होती. सहा छावण्यांतल्या लोकांचा राग उफाळला त्यामागे सरहद्दीची दुर्दशा होती तशी राजधानीची ही नवी चालही होती. युवेन ताइनं ५५४ मध्ये चाक उलटं फिरवलं. हान सरदारांनाही शियानबेई आडनावं दिली : यांगचं पुलिउरू, लीचं दाये. आणि त्याच माणसानं ५५६ मध्ये सरकारी खात्यांना दीड हजार वर्षांपूर्वीच्या झोउ काळातली मानलेली अतिप्राचीन चिनी नावं दिली! राज्याचं नावही तिथूनच. यांगनं सत्ता येताच आडनावं परत चिनी केली. तीन पिढ्यांत तीन शुद्धीकरणं. माणसं तीच.

शुद्धमती

हुकमानं बदललेली नावं आणि लेखकानं विचारपूर्वक निवडलेला शब्द यांत फरक आहे. मी कुणावर सक्ती केलेली नाही. परिभाषा घडवताना कुणाला तरी आग्रह धरावाच लागतो, नाहीतर प्रत्येक भाषांतरात वेगळा शब्द दिसतो आणि विद्यार्थी गोंधळतो.

भाषांतरिका

शुद्धमती, तत्समानंही अडचण होते. पहिल्या राजानं 'सम्राट' ही पदवी न घेता जुन्या झोउंच्या धर्तीवर 'थ्येनवांग' घेतली. थ्येन म्हणजे आकाश, स्वर्ग. वांग म्हणजे राजा. मी लिहिलं 'स्वर्गीय राजा युवेन जुए' आणि घरात पहिल्या वाचणाऱ्यानं विचारलं, कधी वारला?

शुद्धमती

देवराज करा.

जुनीपोथी

देवराज म्हणजे इंद्र. तसं पाहिलं तर चिनी बौद्ध ग्रंथांत चार लोकपालांना, आपल्या चतुर्महाराजांना, थ्येनवांगच म्हणतात. म्हणजे संस्कृत 'महाराज' चिनीत थ्येनवांग होऊन बसला आहे. तोच परत आणावा, 'महाराज युवेन जुए'.

माणदेशी

महाराज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं ते सांगायला नको. थ्येनवांगच ठेवा आणि एकदा अर्थ द्या.

बडोदेकरीण

नात्यांच्या शब्दांत मात्र मराठी इथे जिंकते. इंग्रजीत सगळे कझिन. आपल्याकडे हू हा ताइचा पुतण्या, गादीवरच्या तिघांचा चुलतभाऊ. आणि मी वाचलं आहे त्याप्रमाणे दुगू शिन या सेनापतीच्या तीन मुली : एक झोउ सम्राटाची राणी, एक सुइ सम्राटाची, तिसरी थांग राजवटीच्या संस्थापकाची आई. म्हणजे सुइचा दुसरा सम्राट आणि त्याच्यामागून राज्य घेणारा थांगचा पहिला सम्राट मावसभाऊ! हा एक शब्द घातला की अर्धं राजकारण कळतं.

गोदातीर

अगदी. आणि म्हणूनच 'झोउ घराणं' लिहू नका अशी कळकळीची विनंती. मराठीत घराणं म्हणजे कुटुंब : भोसले घराणं, यादव घराणं. झोउ हे कुटुंबाचं नाव नाही, राज्याचं आहे. घराणं युवेन, राजवट झोउ. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'थांग घराणं', 'मिंग घराणं' वाचून मुलांना थांग नावाचे राजे होऊन गेले असं वाटतं. थांगांचं आडनाव ली होतं.

जुनीपोथी

रूढ झालंय ते. 'मिंग घराणं' आता कोण बदलणार? गुलाम घराणं तरी कुठे कुणाचं आडनाव होतं?

गोदातीर

गुलाम घराण्याचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथेही एक कुटुंब नव्हतंच, आणि म्हणून तेही नाव फसवं आहे.

माणदेशी

झोउ की चौ? आमच्या घरी बासष्टच्या आठवणी निघाल्या की 'चाऊ एन-लाय' यायचे. तो चाऊ आणि हा झोउ एकच का?

गोदातीर

अक्षर तेच. चिनी उच्चार 'जोउ'च्या जवळचा. झ कसा लिहायचा यावर वेगळी चर्चा होईल.

तानपुरा

घराणं म्हणालात म्हणून आले, तर इथे वेगळंच काम निघालं! या सम्राट वूशी माझी ओळख दुसऱ्या वाटेनं आहे. ५६८ मध्ये त्यानं तुर्क खागानाची, म्हणजे राजाची, मुलगी आशिना राणी केली. तिच्याबरोबर मध्य आशियातल्या कुच्या राज्याचा सुजीव नावाचा पीपावादक (पीपा हे वीणेसारखं तंतुवाद्य) छांगआनला आला. पुढे झंग यी नावाच्या दरबाऱ्यानं त्याच्याकडून सात स्वरांची पद्धत समजून घेतली आणि सुइ राजवटीच्या इतिहासात त्या सात स्वरपद्धतींची नावं चिनी अक्षरांत नोंदली गेली. एक 'बानशान', एक 'शाशी'. अभ्यासक त्यांच्यामागे पंचम आणि षड्ज हे आपले शब्द पाहतात. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रियाज थांबवून बसले होते. राज्य औट घटकेचं असो नसो, पंचम तिथपर्यंत गेला आणि कागदावर राहिला.

जुनीपोथी

षड्जचा 'शाशी'? ड्ज कुठे गेला?

तानपुरा

कुच्याच्या बोलीतून जाताना घासला असेल. आपण तरी गाताना षड्ज कुठे म्हणतो, खर्जच म्हणतो ना? तोही षड्जच.

जुनीपोथी

खर्ज षड्जवरून आला हे मान्य. पण 'ष'चा ख आपल्याकडे झाला. त्याचा चिनी पुरावा म्हणून उपयोग नाही.

शुद्धमती

याच सम्राटानं ५७४ मध्ये बौद्ध आणि ताओ दोन्ही पंथांवर बंदी आणली होती, मठ मोडले, भिक्षूंना संसारात परतायला लावलं. गांधारचा भिक्षू जिनगुप्त झोउ राज्यात येऊन भाषांतरं करत होता, त्यालाही निघावं लागलं. परतीच्या वाटेवर तुर्कांनी त्याला ठेवून घेतलं. सुइ काळात ५८५ मध्ये तो परत आला आणि पुन्हा भाषांतराला बसला. भाषांतरिकाताई, तुमच्या लेखात तो असावा असं मला मनापासून वाटतं.

भाषांतरिका

नक्की घेईन, शुद्धमती. आज शीर्षक द्यायचं आहे. 'युवेनांची उत्तर झोउ राजवट' असं ठरवते आहे, म्हणजे घराण्याचा प्रश्न मिटला. औट घटका पहिल्या दोन राजांपुरती ठेवून बघते.

जुनीपोथी

'उत्तर झोउ' नको! मराठीत उत्तर पेशवाई म्हणजे नंतरची पेशवाई. वाचक 'नंतरचे झोउ' असं समजेल.

गोदातीर

आणि पंचाईत अशी की 'नंतरचे झोउ' खरोखर होऊन गेले आहेत, ९५१ ते ९६०. तेही औट घटकेचेच. तिथेही एका सम्राटानं ९५५ मध्ये बौद्ध मठांवर कुऱ्हाड चालवली, आणि तिथेही गादीवर लहान मूल असताना सेनापतीनं राज्य घेतलं. दोघांची सरमिसळ झाली तर वाचकाला सुटायची नाही.

भाषांतरिका

मग 'उत्तरेकडील झोउ'?

शुद्धमती

औदीच्य झोउ.

माणदेशी

औदीच्य! शुद्धमती, हा शब्द मी तरी पंचांगाबाहेर पाहिला नाही. 'उत्तरी झोउ' म्हणा.

जुनीपोथी

'उत्तरी' हिंदी झालं. त्यापेक्षा 'औत्तर'.