निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणजे 'शिक्षा'?

वेलांटी: वर्तन आणि मेंदूवरची औषधे या विषयातल्या एका संशोधकाच्या कामाचा परिचय मराठीत आणायचा आहे. वाक्य असे: व्यसनाच्या सुरुवातीला पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंटचा जोर असतो, पुढे निगेटिव्हचा. मसुद्यात दुसऱ्यासाठी 'शिक्षा' होते. तपासणाऱ्याने खोडून 'ऋण प्रबलन' केले. 'प्रबलन' वाचून प्रबलित काँक्रीट आठवते. सोपा शब्द आहे का?

रफार: खोडले ते योग्यच. शिक्षेने वर्तन कमी होते, प्रबलनाने वाढते. 'पॉझिटिव्ह' म्हणजे काहीतरी देणे; 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेणे. पिंजऱ्याच्या जाळीत सौम्य वीजप्रवाह आहे आणि कळ दाबली की तो थांबतो, तर उंदीर कळ जास्त वेळा दाबू लागतो: ऋण प्रबलन. कळ दाबल्यावर झटका बसला, तर शिक्षा. मॉर्फिनची सवय झालेल्याला ते मिळाले नाही की अंग दुखते, जुलाब होतात, झोप उडते. पुढचा डोस घेतला जातो तो हा त्रास थांबावा म्हणून. इथे 'शिक्षा' लिहिले की वाक्याचा अर्थच फिरतो.

अनुस्वार: मग सरळ 'बक्षीस' म्हणा. 1954 साली ओल्ड्स आणि मिल्नर यांनी मॅकगिल विद्यापीठातले प्रयोग प्रसिद्ध केले. उंदराच्या मेंदूत सेप्टल भागाजवळ इलेक्ट्रोड, कळ दाबली की तिथे विजेचा स्पंद. उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. 'बक्षीस-केंद्र' म्हटले की कोणालाही कळते. कोशातले शब्द कोशातच राहतात.

काना: त्रास थांबला याला बक्षीस कसे म्हणणार? शिवाय बक्षीस म्हटले की 'आवडले' हे गृहीत धरले जाते. प्रबलक, म्हणजे वर्तन वाढवणारी गोष्ट, आवडीवर नव्हे, मोजणीवर ठरतो: कळ दाबणे वाढले का, एवढेच.

रफार: 'एवढेच' नाही, काना. मानेतल्या शिरेत नळी बसवून उंदराला स्वतः कोकेन घेऊ देतात, तेव्हा दर डोसला ठरावीक वेळा कळ दाबायची असेल आणि डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन रोखणारे औषध अगदी थोडे दिले, तर दाबणे वाढते. परिणाम फिका पडला, म्हणून उंदीर भरपाई करतो. जास्त दिले तर थांबतोच. म्हणून प्रोग्रेसिव्ह रेशो वापरतात: प्रत्येक डोसनंतर पुढच्यासाठी जास्त वेळा दाबावे लागते, आणि प्राणी जिथे सोडून देतो तो ब्रेकपॉइंट. दाबणे अचानक घटले तर आधी नळी तपासायची. रोज हेपारिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सलाइनने धुतली तरी ती तुंबते. अल्पकाळ भूल देणारे औषध नळीतून सोडले की नळी चालू असल्यास काही सेकंदांत प्राणी ढिला पडतो.

अनुस्वार: म्हणजे मोजूनही कळत नाही, तरी 'प्रबलन'च हवे?

काना: 'बक्षीस'मध्ये दोन गोष्टी मिसळतात, आणि मराठीत दोन्हींना उत्तम शब्द आहेत: ओढ आणि गोडी. बेरिज आणि रॉबिन्सन या मेंदू-संशोधकांनी हाच फरक दाखवला. 6-हायड्रॉक्सिडोपामिन या डोपामिनच्या पेशी मारणाऱ्या रसायनाने डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर आपणहून खात नाहीत. पण साखरेचे पाणी थेट तोंडात सोडले तर नेहमीसारखेच ओठ चाटतात. गोडी शाबूत, ओढ गेली. व्यसनात बहुधा उलटे होते.

वेलांटी: हे फार आवडले. पण 'गोडी लागली' म्हणतो तेव्हा ओढही त्यातच येते ना?

अनुस्वार: व्यसनासाठी 'ओढ' मवाळ आहे. 'तलफ' हवा. अरबी 'तलब', म्हणजे मागणी, त्यावरूनच आला असावा.

काना: अरबीत 'तलफ' हा वेगळा शब्द आहे, अर्थ नाश. कशावरून तो नाही?

अनुस्वार: अर्थ बघा! तलफ येते तेव्हा माणूस मागतो, नाश नंतरचा.

रफार: तलफ येते आणि जाते, क्रेव्हिंगला ठीक. रिइन्फोर्समेंटला नाही. आणि वेलांटी, त्या लेखात 'उंदीर' किती ठिकाणी आहे? मूळ मजकुरात रॅट आणि माउस दोन्ही असणार. एक 250 ते 350 ग्रॅमचा, दुसरा 20 ते 30. माणसासाठीचा समतुल्य डोस काढताना प्रति किलो डोसला रॅटसाठी 6.2 ने भागतात, माउससाठी 12.3 ने. दोन्हींना 'उंदीर' लिहिले तर वाचकाचा हिशोब दुपटीने चुकेल.

अनुस्वार: रॅटला 'घूस' लिहा.

रफार: घूस म्हणजे बँडिकूट, तो प्राणीच वेगळा. 'रॅट' आणि 'माउस' असेच ठेवावे.

काना: 'मोठा उंदीर, छोटा उंदीर' का नको?

रफार: छोटा म्हटले की पिल्लू वाटते.