मुलांचं समाधान देशवार क्रमवारीत मांडणं बंद करावं

आकडेवेल्हाळ:

पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या अहवालांत गणिताचे गुण आणि मुलांचं समाधान हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले जातात. मग लगेच चर्चा सुरू होते: अमुक देशातली मुलं हुशार पण दुःखी, तमुक देशातली आनंदी पण कच्ची. माझं म्हणणं असं, की गुणांची तुलना मर्यादेत राहून करता येते, पण समाधानाच्या सरासरीची देशादेशांत तुलना करायला आधारच नाही. ही आवळ्याची मोट आहे.

पिसा म्हणजे ओईसीडीची (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी. 2000 साली सुरू झाली. 2022 च्या फेरीत 81 देश आणि प्रदेशांतली सुमारे 6,90,000 मुलं होती. दोन तासांची चाचणी, आणि त्यानंतर साधारण 35 मिनिटांची प्रश्नावली. त्या प्रश्नावलीत एक प्रश्न असतो: एकंदरीत आपल्या आयुष्याबद्दल तू सध्या किती समाधानी आहेस, 0 ते 10 मध्ये सांग.

आता फरक बघा. गणितात एका मुलाला सगळे प्रश्न मिळत नाहीत, पण प्रश्नसंच एकमेकांत गुंफलेले असतात आणि त्यावरून एक सामाईक मोजपट्टी तयार होते. एखादा प्रश्न एखाद्या देशात वेगळाच वागला, म्हणजे तितक्याच तयारीच्या मुलांना तिथे तो विनाकारण अवघड गेला, तर ते तपासात दिसतं आणि त्या देशापुरता तो वेगळा हाताळता येतो. समाधानाचा प्रश्न एकच. त्याची पडताळणी करायला शेजारी दुसरा प्रश्न नाही. 7 म्हणजे किती, हे प्रत्येक मूल आपापल्या मनाशी ठरवतं. कुठे टोकाचे आकडे निवडण्याची सवय असते, कुठे मधला आकडा निवडणं सभ्यपणाचं समजलं जातं.

एकच उदाहरण देतो. युनिसेफच्या 2020 च्या अहवालात मानसिक स्वास्थ्यात जपान 38 श्रीमंत देशांत 37 वा होता. पिसा 2022 नंतर ओईसीडीने ज्या चार शिक्षणव्यवस्थांना कामगिरी, समता आणि स्वास्थ्य या तिन्ही बाबतींत महासाथीत तग धरणाऱ्या म्हटलं, त्यांत कोरिया, लिथुआनिया आणि तैवानबरोबर जपानही आहे. युनिसेफने समाधानाचा प्रश्न आणि 15 ते 19 वयातल्या आत्महत्यांचं प्रमाण घेतलं होतं. ओईसीडीने शाळेबद्दल वाटणारा आपलेपणा घेतला. दोघांनीही नाव ‘स्वास्थ्य’ असंच ठेवलं. वाचणाऱ्याने काय समजायचं?

पाटीपेन्सिल:

जपानचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या, दोन वेगळी उत्तरं आली. यात मोजमापाचा दोष नाही, नाव ठेवणाऱ्याचा आहे. ‘स्वास्थ्य’ हा शब्द काढून ‘समाधान’ आणि ‘आपलेपणा’ असे दोन रकाने करा, प्रश्न मिटला.

क्रमवारी बंद केल्याने काय होईल तेही सांगा. शिक्षणमंत्र्यांपुढे फक्त गणित, वाचन आणि विज्ञान उरेल. जे छापलं जात नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही. ओईसीडी देशांत 0 ते 4 मध्ये उत्तर देणारी, म्हणजे आयुष्याबद्दल असमाधानी मुलं 2015 मध्ये सरासरी 11% होती, 2018 मध्ये 16% झाली, 2022 मध्ये 18%. प्रश्न तोच, भाषा त्याच, वयही तेच. एखाद्या समाजाची मधला आकडा निवडायची सवय सात वर्षांत बदलत नाही. तेव्हा पातळीची तुलना डळमळीत असली तरी बदलाची तुलना भक्कम आहे. काही देशांत ही घसरण मोठी आणि काही देशांत जवळजवळ नाही, हे कळण्यासाठी देश शेजारी-शेजारी मांडावेच लागतात.

निरंतर:

समाधानाचे आकडे कच्चे आणि गुण पक्के, ही विभागणीच मला मान्य नाही. गुणांच्या क्रमवारीतही भरपूर भुसा आहे.

समजा एका देशाची सरासरी 487 आणि प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते त्याचं माप) 2.6, दुसऱ्याची 493 आणि त्रुटी 2.9. फरक 6 गुणांचा. दोन्ही त्रुटींच्या वर्गांची बेरीज 15.17, तिचं वर्गमूळ साधारण 3.9. त्याला 1.96 ने (95% खात्रीचा नेहमीचा गुणक) गुणा: 7.6. फरक त्याहून कमी आहे, म्हणजे या दोन देशांत कोण पुढे हे सांगता येत नाही. तरी बातमीत एक ‘चार क्रमांकांनी वर’ असतो. ओईसीडी स्वतः एकच क्रमांक न देता क्रमांकाचा पल्ला देते. तो कुणी छापत नाही.

दुसरं, नमुन्यात कोण आहे? पिसा फक्त शाळेत असलेली, किमान सातवीत पोहोचलेली मुलं घेते. 2022 मध्ये कंबोडियातल्या त्या वयाच्या मुलांपैकी नमुना फक्त 36% मुलांचं प्रतिनिधित्व करत होता. उरलेली एक तर शाळेबाहेर किंवा खालच्या इयत्तांत. हा आकडा सरासरीच्या शेजारच्याच रकान्यात हवा, परिशिष्टात नको.

तिसरं, मुलं चाचणी मनापासून देतात का? 2018 मध्ये स्पेनचे वाचनाचे निकाल ओईसीडीला मूळ अहवालात छापता आले नाहीत. वाचनाच्या वेगाची एक छोटी कसोटी होती: लहान वाक्य वाचून ते अर्थपूर्ण आहे की नाही एवढंच सांगायचं. ‘विमानं कुत्र्यांची बनवलेली असतात’ या धाटणीची वाक्यं. काही भागांत बऱ्याच मुलांनी क्षणार्धात सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ दाबलं होतं. त्या भागांत चाचणी शाळेच्या अंतिम परीक्षांच्या दिवसांत आली होती.

आकडेवेल्हाळ:

निरंतर, तुमचे तिन्ही मुद्दे मान्य. पण बघा, हे दोष तुम्हाला सापडले, कारण गुणांच्या बाबतीत सापडण्याची सोय आहे. प्रमाण त्रुटी, व्याप्ती (नमुना त्या वयाच्या किती मुलांचं प्रतिनिधित्व करतो), प्रत्येक प्रश्नाला लागलेले सेकंद, सगळं नोंदलेलं आहे. समाधानाचा 7 खोटा, घाईचा की खरा, हे कशावरून ओळखायचं?

पाटीपेन्सिल, बदलाबद्दल अर्धं मान्य. पण ‘सवय बदलत नाही’ हे गृहीतक आहे. मानसिक त्रासाबद्दल उघड बोलण्याची रीत गेल्या दशकात बऱ्याच देशांत बदलली, आणि सगळीकडे सारख्या वेगाने नाही. 11 चे 18 झाले त्यात त्रास वाढल्याचा भाग किती आणि तो कबूल करण्याची भीड कमी झाल्याचा भाग किती, हे एका प्रश्नातून वेगळं काढता येत नाही.

आणि सगळ्यात मोठं कोडं राहिलंच. जवळजवळ प्रत्येक देशाच्या आत गणित आवडणाऱ्या मुलांचे गुण जास्त असतात. देशांच्या सरासऱ्या घेतल्या की संबंध उलटा होतो: आवड जास्त सांगणारे देश गुणांत खाली. याचा अर्थ आवड लागल्याने गणित बिघडतं असा नाही. उत्तर देण्याच्या सवयी देशांच्या सरासरीत मिसळल्या की असं होतं, हे त्याचं सगळ्यात सरळ स्पष्टीकरण.

अनुवादी:

भाषेकडे कुणी बघतच नाही. पिसाचे प्रश्न इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन मूळ आवृत्त्यांत तयार होतात. दोन अनुवादक स्वतंत्रपणे भाषांतर करतात, तिसरा माणूस दोन्ही जुळवतो आणि शेवटी बाहेरून पडताळणी होते. गणिताच्या प्रश्नाला हे पुरतं. भावनेच्या शब्दाला पुरत नाही.

आपलाच शब्द घ्या. ‘समाधानी’ म्हणजे सुखी, आणि ‘समाधानी’ म्हणजे आहे त्यात भागवणारा, हाव नसलेला. ‘तू किती समाधानी आहेस’ या प्रश्नाला मराठीत 10 म्हणणारं मूल स्वतःचं आयुष्य चांगलं चाललंय म्हणतंय की स्वतःचा स्वभाव चांगला आहे म्हणतंय? ‘खूश’ घातलं तर प्रश्न आजच्या मूडवर येतो. कोणताही अनुवादक चुकलेला नाही, तरी मोजलं जाणारं काहीतरी सरकलं.

आपलेपणाच्या मोजपट्टीत आणखी एक खोच आहे. सहा विधानं, त्यांतली तीन सरळ (‘शाळेत माझ्या सहज ओळखी होतात’) आणि तीन उलटी (‘मला परकं वाटतं’). उलट्या विधानाला ‘अजिबात सहमत नाही’ म्हटलं की ते चांगलं उत्तर. वाचनात कच्चं असलेलं मूल इथे घसरतं आणि सहाही ओळींत एकाच रकान्यात खुणा करून पुढे जातं. म्हणजे वाचनाची अडचण आपलेपणाच्या आकड्यात शिरते, आणि मग ‘ज्यांचे गुण कमी त्यांना शाळा परकी वाटते’ असा निष्कर्ष निघतो. तो खराही असेल, पण या मार्गाने सिद्ध झालेला नसतो. हे तपासायला सोपं आहे: सरळ तीन आणि उलटी तीन यांचे वेगळे निर्देशांक काढा आणि दोघांचा सहसंबंध वाचनाच्या गुणांच्या प्रत्येक चतुर्थांशात बघा. खालच्या चतुर्थांशात तो ढासळला, तर एकत्रित आकडा वापरू नका.

रेघोटी:

वाद चालू द्या, पण निम्मे चुकीचे निष्कर्ष ही माहिती कशी वापरायची हे न कळल्याने निघतात. पिसाची फाइल कुणालाही मोफत उतरवता येते आणि लोक ती साध्या सर्वेक्षणासारखी चालवतात.

एका मुलाचा ‘एक गुण’ फाइलमध्ये नसतोच. 2015 पासून प्रत्येक विषयाच्या 10 प्लॉझिबल व्हॅल्यू असतात, म्हणजे त्या मुलाची क्षमता कुठे असू शकेल याचे दहा अंदाज. त्यांची आधी सरासरी काढून पुढे जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तसं केलं की मुलांमधला फरक कृत्रिमरीत्या आक्रसतो आणि त्रुटी खोटी लहान दिसते. विश्लेषण दहा वेळा वेगवेगळं करायचं आणि उत्तरांची सरासरी घ्यायची.

नमुना शाळांमधून उचललेला असतो, आणि एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. म्हणून अंतिम भारांकनाबरोबर (एक मूल किती मुलांच्या वतीने मोजायचं तो आकडा) 80 पर्यायी भारांकनं दिलेली असतात. प्रत्येकाने उत्तर पुन्हा काढायचं, मुख्य उत्तरापासूनच्या फरकांचे वर्ग करून बेरजेला 20 ने भागायचं. हे नमुन्यामुळे येणारं विचरण, म्हणजे उत्तर किती पसरतं त्याचं माप. दहा अंदाजांवरच्या विचरणांची सरासरी घ्या आणि तिच्यात दहा उत्तरांच्या आपसातल्या विचरणाची 1.1 पट मिळवा. वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी. एका साध्या उत्तरासाठी 10 गुणिले 81, म्हणजे 810 आकडेमोडी. स्टाटा किंवा आर या सांख्यिकी प्रणालींतलं अनुक्रमे ‘रेपेस्ट’ किंवा ‘इन्टएसव्हीवाय’ हे करून देतं, हाताने करायची गरज नाही.

देश एकत्र करून प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं गणित) करत असाल तर देशांना समान भार देणारं भारांकन घ्या, नाहीतर मोठे देश उत्तर गिळून टाकतात. आणि 2022 च्या प्रश्नावलीत बऱ्याच मोजपट्ट्यांची सगळी विधानं सगळ्या मुलांना दिली नव्हती, दहांतली पाच दिली होती. रिकामी घरं म्हणजे मुलाने टाळलेलं उत्तर नव्हे. अशा मुलाची फाइलमधली ओळच वगळणारे लोक नकळत बहुतेक नमुना फेकून देतात.

आता वादावर. मोजपट्टी देशादेशांत सारखी वागते का, हे टप्प्याटप्प्याने तपासता येतं. विधानांची वजनं (प्रत्येक विधान मूळ भावनेशी किती घट्ट जोडलेलं आहे) सारखी निघाली तर संबंधांची तुलना चालते: आपलेपणा आणि गुण यांचं नातं कुठे घट्ट, कुठे सैल. आरंभबिंदूही (मूळ भावना तेवढीच असताना विधानाला मिळणारं उत्तर) सारखे निघाले तरच सरासरींची तुलना चालते. पहिली पायरी बऱ्याचदा पार होते, दुसरी पन्नास-साठ देशांत क्वचितच. आणि एकाच विधानाच्या मोजपट्टीवर यातली कोणतीच तपासणी करता येत नाही. एवढ्यापुरता मी आकडेवेल्हाळांच्या बाजूने.

पाटीपेन्सिल:

मग उपाय आधीच केलेला आहे, तो का सोडला? 2012 च्या पिसात काल्पनिक शिक्षकांची वर्णनं दिली होती. एक दर दिवसाआड गृहपाठ देते आणि परीक्षेआधी तपासून परत करते, दुसरी आठवड्यातून एकदा देते आणि परीक्षेआधी परत करतच नाही. मुलाने आधी त्यांना मापायचं, मग स्वतःच्या शिक्षकांना. कोणाची फूटपट्टी किती सैल ते त्यावरून कळतं. ही दुरुस्ती गणिताच्या आवडीच्या उत्तरांनाही लावल्यावर देशपातळीवरचे ते उलटे संबंध सरळ झाले. समाधानाच्या प्रश्नाला हीच युक्ती लावा: दोन काल्पनिक मुलांची आयुष्यं वर्णन करा, आधी त्यांना 0 ते 10 द्यायला सांगा.

रेघोटी:

संबंध सरळ झाले, पण कशामुळे ते बघा. बरीच मुलं त्या वर्णनांचा क्रमच उलटा लावतात. वाचनात कच्च्या मुलांकडून हे जास्त होतं. अशा मुलांची उत्तरं दुरुस्तीत विचित्र जागी ढकलली जातात, म्हणजे दुरुस्तीबरोबर वाचनक्षमतेचा थोडा अंश आवडीच्या आकड्यात मिसळतो. मग गुणांशी संबंध सुधारणारच! शिवाय सगळ्या देशांतली मुलं त्या काल्पनिक शिक्षिकेकडे एकाच नजरेने बघतात, हे पुन्हा गृहीतकच. जिथे रोज गृहपाठ ही रीत आहे तिथे दिवसाआडची शिक्षिका आळशी ठरेल.

पाटीपेन्सिल:

क्रम उलटा लावणारी मुलं वगळून निकाल दोन्ही प्रकारे छापा. दुरुस्ती अपुरी आहे म्हणून मोजणीच नको, हे मला पटणार नाही.

निरंतर:

मोजणी नको असं इथे कुणीच म्हणत नाही. पण एक भोक अजून शिल्लक आहे, आणि ते कोणत्याही सांख्यिकी युक्तीने बुजत नाही. पिसाच्या मानकाप्रमाणे निवडलेल्या मुलांपैकी 80% हजर राहिली तरी चालतात. गैरहजर मुलांची भरपाई शाळा, इयत्ता, लिंग अशा माहितीवरून भारांकनात होते. शाळेच्या धास्तीने त्या दिवशी घरी राहिलेली मुलगी हजर असलेल्या, तिच्याच इयत्तेतल्या मुलीच्या उत्तराने भरून काढली जाते. गणितात याने थोडा फरक पडेल. स्वास्थ्याच्या मोजणीत नेमकी तीच मुलगी हवी होती.

आकडेवेल्हाळ:

हे मूळ धाग्यात यायला हवं होतं, ते तुम्ही मांडलंत.

पाटीपेन्सिल, क्रमवारीच्या जागी काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझी मागणी ही: प्रत्येक देशासाठी सरासरी न देता 0 ते 4 चं प्रमाण द्या, ते मुली आणि मुलगे, तसंच घरच्या सुस्थितीचा वरचा आणि खालचा चतुर्थांश असं तोडून द्या, मागच्या फेरीपासूनचा बदल त्रुटीसह द्या, आणि शेजारी व्याप्ती व हजेरी. देश वर्णानुक्रमे लावा. एकाच देशातल्या दोन गटांची उत्तर द्यायची सवय बरीचशी सारखी असते, म्हणून त्यांच्यातली दरी वाचता येते, आणि ती दरी कुठे रुंद आहे हे देशांमध्येही ताडून बघता येतं.

पाटीपेन्सिल:

वर्णानुक्रमे लावलेला तक्ता वर्तमानपत्र दहा मिनिटांत उतरत्या क्रमाने लावून घेईल. दरीची मागणी मात्र मला मान्य, फक्त मुली आणि मुलग्यांची उत्तर द्यायची सवय सारखीच असते, हे आधी दाखवा.