किंग लिअर: प्रवेशांचे क्रमांक जुळत नाहीत, कोणती आवृत्ती धरावी?

मृण्मयी_एमए: निबंध शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वर आहे. वेडा लिअर आणि आंधळा ग्लॉस्टर भेटतात तो प्रवेश एका आवृत्तीत ४.६ (चौथा अंक, सहावा प्रवेश), दुसरीत ४.५, तिसरीत अंकच नाहीत, नुसता प्रवेश २०. शेवटचं भाषण एकीकडे एडगरचं, दुसरीकडे ऑल्बनीचं. संदर्भ कुठला द्यायचा?

पाठभेद: घोळ मुळातच आहे. या नाटकाच्या दोन संहिता आहेत: १६०८चा क्वार्टो (लहान आकाराची, एकाच नाटकाची सुटी छापील प्रत) आणि १६२३चा फोलिओ (मोठ्या आकाराचा नाटकांचा संग्रह). क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत, फोलिओतल्या सुमारे १०० क्वार्टोत नाहीत. पुढे संपादकांनी दोन्ही एकत्र करून एकच नाटक छापलं, तीच तुमची ४.६वाली प्रत. केंट आणि एक सरदार लिअरच्या धाकट्या मुलीबद्दल, कॉर्डेलियाबद्दल, बोलतात तो ४.३ फक्त क्वार्टोत आहे. फोलिओवर बेतलेल्या आवृत्तीत तो गळतो आणि पुढचे क्रमांक एकेकाने मागे येतात. क्वार्टोत अंकविभागणी नाही, म्हणून ऑक्सफर्डने १९८६मध्ये दोन्ही संहिता वेगळ्या छापताना क्वार्टोचे सलग २४ प्रवेश केले.

अभ्यासाला आर्डन मालिकेतली फोक्स यांनी संपादित केलेली आवृत्ती (१९९७) घ्या. एकाच संहितेतल्या ओळींना तिथे क्यू (क्वार्टो) किंवा एफ (फोलिओ) अशी बारीक खूण असते. पहिल्याच संदर्भात आवृत्तीचं नाव द्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

गद्यपद्य: यात खरा धोका निष्कर्षाचा आहे. ‘कॉर्डेलिया जिवंत आहे असं वाटून लिअर मरतो’ हे वाक्य निबंधांत सर्रास येतं. तिच्या ओठांकडे बघा म्हणणाऱ्या ओळी फक्त फोलिओत आहेत. क्वार्टोत तो नुसता कण्हतो आणि स्वतःच्या हृदयाला फुटायला सांगतो. फोलिओत तेच वाक्य केंटच्या तोंडी आहे. म्हणजे क्वार्टोवर हा निष्कर्ष उभाच राहत नाही. तसंच तिसऱ्या अंकातला मुलींवरचा काल्पनिक खटला फक्त क्वार्टोत आणि विदूषकाची मर्लिनवाली भविष्यवाणी फक्त फोलिओत. उतारा निवडलात की आधी हे तपासा, मग अर्थ लावा.

मृण्मयी_एमए: मूळ क्वार्टोचे फोटो पाहून छंद तपासला तर चालेल?

पाठभेद: जपून. निकोलस ओक्सच्या छापखान्याने छापलेलं हे पहिलंच नाटक. पद्य बऱ्याच ठिकाणी गद्यासारखं सलग छापलंय, ओळी भलतीकडे तुटल्यात. ओळीतली अक्षरं कमीजास्त झाली की लगेच ‘लिअरचं मन ढासळतंय’ असं लिहू नका, आधी फोलिओतली तीच ओळ मोजा. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत गेल्या, त्यामुळे उरलेल्या १२ प्रतींतही आपसांत फरक आहेत.

शीर्षकपानही पाहा. १६१९चं पुनर्मुद्रण १६०८ असंच खोटं साल घालून निघालं. खऱ्या पहिल्या क्वार्टोवर प्रकाशक बटरच्या ‘पाइड बुल’ दुकानाचा पत्ता आहे, नंतरच्यावर तो नाही.